रेष सरळ, डिपॉझिट परत!

भाड्याचा फ्लॅट सोडायचा असो, नाहीतर स्वतःच्या वन-बीएचकेला दिवाळीआधी नवा लूक द्यायचा असो, रंगकामात खरी परीक्षा होते ती कडांची. दरवाजाच्या चौकटी स्वतः रंगवणाऱ्यांसाठी एक छोटंसं अवजार आहे, पेंट गार्ड. एकदा घ्या, वर्षानुवर्षं वापरा!

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय. नव्या फ्लॅटचं टोकन देऊन झालंय. पॅकर्स-मूव्हर्सवाला पुढच्या शनिवारी येणार. त्याआधी ओनर काका ‘सहज एक नजर टाकायला’ येणार आहेत. त्यांची ही सहज नजर कुठे जाते, माहितीये? भिंतीच्या मधोमध अजिबात नाही. ती जाते कडांवर! चौकटीचा ब्राऊन ऑइलपेंट भिंतीवर किती पसरलाय, फरशीवर किती थेंब सांडलेत, बिजागऱ्या रंगून बसल्यात का... मग काय, ‘पेंटिंग चार्जेस’ म्हणून डिपॉझिटमधून एक गलेलठ्ठ आकडा वजा!

यातली गंमत अशी, की चौकटीचे पोपडे निघालेत म्हणून रंग लावायला तुम्ही आपणहून बसलेले असता. हेतू चांगला, रंग चांगला, ब्रशही नवा. तरीही काम ‘घरगुती’ दिसतं. भिंतीच्या मोठ्या भागात दोष फारसे लपतात. पण दोन रंग जिथे भेटतात, ती रेष डोळ्याला लगेच टोचते. ती सरळ असेल तर साधं कामसुद्धा प्रोफेशनल वाटतं. वाकडी असेल तर महागातला रंगही केविलवाणा दिसतो.

टेप आहे की!

‘त्यात काय, मास्किंग टेप लावायचा!’ असं कुणीतरी म्हणणारच. टेपला नावं ठेवायचं कारण नाही. त्याचा जन्मच मुळी या दुखण्यातून झालाय. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली होती. एक रंग मारताना दुसरा झाकायचा कसा? गॅरेजवाले कागद डिंकाने चिकटवायचे आणि तो काढताना नवा रंगही सोलून निघायचा. त्या वेळी थ्रीएम ही कंपनी प्रामुख्याने पॉलिश पेपर बनवायची. तिथला रिचर्ड ड्रू नावाचा तरुण कर्मचारी पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरची चाचणी घ्यायला गॅरेजमध्ये जायचा. पेंटर मंडळींचा वैताग त्याने पाहिला आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केला. पुढे १९३० मध्ये पारदर्शक सेलोटेपसारखा टेप काढणाराही हाच गडी!

थोडक्यात, टेप बनला तो मोटारीच्या गुळगुळीत, कणखर पत्र्यासाठी. आपल्या भिंतींचं काय? भाड्याच्या बहुतेक घरांत भिंतीला साधं डिस्टेंपर असतं, जुन्या घरांत तर चुना. खाली कुठे पावसाळ्यातली ओल, कुठे सुटलेली पुट्टी. अशा भिंतीवर टेप लावा आणि ओढून बघा. टेपबरोबर डिस्टेंपरची सालपटंही हातात येतात. चौकट वाचवायला गेलो आणि भिंत गेली! शिवाय टेप उन्हात चार-पाच दिवस तसाच राहिला, तर त्याचा चिकटपणा मागे राहतो. मग तो खरवडत बसा.

मग ही पट्टी काय भानगड आहे?

पेंट गार्डला कुणी पेंट शील्ड म्हणतं, कुणी ट्रिम गार्ड. वस्तू एकच. एक पातळ, सरळ धारेची लांब पट्टी आणि तिला धरायला मूठ. अ‍ॅल्युमिनियमची, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची. लांबी साधारण एक ते दोन फूट. जिथे रंग नकोय तिथे ती टेकवायची, बाजूला ब्रश फिरवायचा, उचलायची, पुसायची आणि पुढे सरकायचं. चिकटवणं नाही, सोलणं नाही. त्यामुळे डिस्टेंपरच्या भिंतीला तिचा त्रास नाही.

परदेशात हे अवजार मुख्यतः लाकडी स्कर्टिंगसाठी वापरतात. तिथे भिंतीच्या पायथ्याशी लाकडाची पट्टी असते आणि खाली गालिचा किंवा लाकडी फ्लोअरिंग. आपल्याकडे स्कर्टिंग बहुधा फरशीचंच असतं, त्याला रंग लावायचा नसतो. म्हणून आपल्या घरात हीच पट्टी दोन्ही बाजूंनी कामाला येते. चौकटीला ऑइलपेंट लावताना ती भिंतीला सांभाळते, आणि भिंत रंगवताना स्कर्टिंगच्या फरशीला.

धातूची घ्यावी की प्लॅस्टिकची? धातूच्या पट्टीची धार पातळ असते, त्यामुळे ती फटीत छान बसते आणि रेष बारीक येते. मात्र पॉलिश केलेल्या मार्बलवर किंवा लाकडावर ती घासली तर ओरखडा उठू शकतो. प्लॅस्टिकची थोडी वाकते. म्हणून जुन्या, किंचित पोट आलेल्या भिंतीला ती जास्त मानवते. दुकानात धारेवर एकदा बोट फिरवून बघा आणि पट्टी डोळ्यासमोर आडवी धरा. धार कुठे मुडपलेली असेल तर ती रेषेत हमखास उतरणार.

पेंट गार्ड मिळालाच नाही, तर पुट्टी भरायचा रुंद पत्रा घ्या. अनेक पेंटर तोच वापरतात. अगदीच अडलं तर जुनी एक्स-रे फिल्म कापून घ्या. ती रंग शोषत नाही, त्यामुळे पुसता येते. पुठ्ठा मात्र नको. तो भिजतो, फुगतो आणि धार गमावतो.

आता जरा हिशोब

सात फूट उंच, तीन फूट रुंद दरवाजा धरा. एका बाजूची कड झाली ७ अधिक ७ अधिक ३, म्हणजे १७ फूट. दोन्ही बाजूंची मिळून ३४ फूट, साधारण साडेदहा मीटर. वन-बीएचकेमध्ये असे पाच दरवाजे असतील तर कड भरते ५० मीटरच्या वर. २० मीटरचा टेपचा रोल घेतलात तर तीन रोल लागणार. ते एकदा वापरून कचऱ्यात जाणार आणि पुढच्या वेळी पुन्हा तीन रोल. पेंट गार्ड एकच पुरतो, आणि नीट ठेवला तर मित्रांनाही उसना देता येतो. (परत मागायला विसरू नका!)

पण खरं सांगायचं तर फुकट काहीच नसतं. फूटभर पट्टी घेतलीत तर एका दरवाजाला ती ३४ वेळा टेकवायची आणि ३४ वेळा पुसायची. टेपमध्ये वेळ आधी जातो, पट्टीमध्ये काम करता करता. ‘पुसायचं राहू दे, पुढच्या वेळी पुसू’ असा विचार मनात आला, की समजा तुमची रेष बिघडलीच!

पुसायचं का? समईला विचारा!

समईची वात तेलात बुडलेली असते आणि तेल आपोआप वर चढतं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. बारीक फट मिळाली की द्रव पदार्थ तिच्यात शिरतो. रंगही तसाच. पट्टी भिंतीवर सपाट आडवी ठेवली, तर पट्टी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रंग ओढला जातो. पट्टी उचलल्यावर खाली मस्त डाग! म्हणून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, पट्टी जरा तिरकी धरा. फक्त धार टेकली पाहिजे, पाठ भिंतीपासून सुटी हवी. दोन, ब्रश निथळता नको. ब्रशची एक तृतीयांश टोकंच रंगात बुडवा आणि डब्याच्या काठावर हलकेच टेकवून जादा रंग काढा. आधी चौकटीच्या मध्यावर रंग ठेवा आणि मग तो पट्टीच्या दिशेने पसरवा. भरलेला ब्रश थेट धारेवर आणलात तर रंग आत शिरणारच. तीन, प्रत्येक वेळी धार पुसा, आणि पुढचा भागही. पट्टी कधीही बाजूला सरकवू नका. सरळ उचला, पुसा, पुढे ठेवा. सरकवली की ओला रंग तिच्याबरोबर फरफटत जातो.

बाकी तयारी नेहमीचीच. कडेची धूळ आणि जाळी काढून घ्या. चौकट आणि भिंत यांच्यात भेग असेल तर ती आधी भरा, कारण फट उघडी राहिली तर जगातली कुठलीही पट्टी तुम्हाला वाचवू शकत नाही. दीड इंची ब्रश पुरतो. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात ब्रश आणि खिशात दोन सुती चिंध्या. भिंत आणि चौकट दोन्ही रंगवायचं असेल तर भिंत पूर्ण सुकू द्या आणि चौकट शेवटी घ्या. पहिला हात सुकल्यावर दुसरा हात मारतानाही पट्टी लागतेच, हे विसरू नका.

काम झालं की पट्टी लगेच साफ करा. ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाईनने, पाण्यात मिसळणारा रंग असेल तर पाण्याने. सुकलेल्या रंगाची एक खपली धारेवर राहिली, तरी पुढच्या वेळी तिथेच वाट मिळते. आणि ऑइलपेंटने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्यात उष्णता तयार होते आणि ढिगात ती अडकते. त्या बाल्कनीत मोकळ्या पसरून वाळवा, मग टाका.

इथे पट्टी चालणार नाही

खरखरीत टेक्स्चरच्या भिंतीवर पट्टीची धार नीट टेकत नाही. तिथे हलका हात आणि बारीक ब्रशच बरा. खिडकीच्या ग्रिलच्या गोल सळ्यांना सरळ पट्टीचा उपयोग नाही, तिथे मागे पुठ्ठा धरा. काचेवर रंग लागला तर घाबरू नका. सुकल्यावर तो ब्लेडने अलगद निघतो. बिजागऱ्या, कडी, लॅच यांना मात्र टेपच लावा. छोट्या, वेड्यावाकड्या वस्तूंसाठी टेपला तोड नाही. स्प्रेने रंगवणार असाल तरी झाकण हवं ते टेप आणि कागदाचंच. थोडक्यात, टेप आणि पट्टी यांचं भांडण नाही. सरळ लांब कड पट्टीची, बारीकसारीक वस्तू टेपच्या.

‘चौकट’: जुन्या ऑइलपेंटपासून जपून!

ब्रश हातात घेण्याआधी एक सिरियस गोष्ट. इमारत जुनी असेल तर चौकटीवर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर असतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते उत्पादकांना लागू झाले. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार घातक असतं आणि गरोदर बायकांनाही त्यापासून धोका असतो. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर आणि पाणी वापरा (ड्रू गॅरेजमध्ये घेऊन जायचा, तोच प्रकार!). तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खपल्या ओल्या फडक्याने टिपा, झाडूने उडवू नका. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. थर खूप जाड असेल तर जाणकार माणसाला बोलवा. डिपॉझिटपेक्षा जीव मोठा.

आणि हो, भाड्याचं घर असेल तर ब्रश उचलण्याआधी अ‍ॅग्रीमेंटमध्ये रंगकामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. घर ताब्यात घेताना आणि सोडताना कडांचे फोटो काढून ठेवा. ओनरना एक मेसेज टाकून रंगाचा शेड नंबर विचारून घ्या, म्हणजे ‘हा ब्राऊन आमचा नव्हेच’ हा वाद उरत नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने जे झिजतं त्याचा भार तुमच्यावर टाकला जात असेल, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. फोटो हाताशी असले की बोलायला बळ येतं.

पहिल्याच दिवशी हॉलचा दर्शनी दरवाजा घेऊ नका. बाथरूमच्या आतल्या बाजूने सुरुवात करा. पहिल्या दोन-तीन फुटांत पट्टीचा कोन आणि ब्रशवरचा रंग यांचं गणित जमेल. मग हॉलकडे या, आवडती प्लेलिस्ट लावा आणि लागा कामाला. ओनर काका आले की दार तुम्हीच उघडा. नजर टाकू द्या हवी तितकी!