आधी दार, मग स्टीरिओ
(गाडीतला आवाज : लेखांक ३)

कंपनीकडून आलेल्या स्पीकरांचा आवाज कुठे कमी पडतो, ते मागच्या लेखात पाहिलं. आता सुधारणेकडे वळू. कार डेकोरच्या दुकानात गेलात की सर्वांत आधी मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टीरिओ समोर येतो आणि त्याच्या मागोमाग डिकीत ठेवायची बास ट्यूब. माझा आग्रह वेगळा आहे. पहिला खर्च पुढच्या दोन दारांवर करा आणि दुसरा त्या दारांतल्या स्पीकरांवर. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

दारावर खर्च का करायचा? घरातल्या स्पीकरला जाड लाकडाची बंद पेटी असते. गाडीत ते काम दारावर येऊन पडतं आणि दार त्यासाठी बनवलेलंच नसतं. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आतल्या पत्र्यात काचेची यंत्रणा बसवण्यासाठी मोठमोठी भोकं ठेवलेली असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांवर फक्त एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही लहरी भोकांतून एकमेकींना भिडल्या की एकमेकींना खोडून काढतात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. एवढ्या लांब लहरीला दाराच्या भोकातून वळसा घालणं अगदी सोपं जातं, म्हणून सगळ्यात आधी खर्जच हरवतो. शिवाय पातळ पत्रा स्वतःच थरथरतो आणि मूळ गाण्यात नसलेला एक बद्द आवाज त्यात मिसळतो.

यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग. ब्यूटाइल रबराची चिकट शीट, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर. पत्र्याचं थरथरणं हे रबर आपल्यात मुरवतं आणि त्याची किंचितशी उष्णता होऊन जाते. शीटनं पत्र्याचा इंच न् इंच झाकायची गरज नसते. बाहेरच्या पत्र्याचा मधला मोठा सपाट भाग आणि स्पीकरच्या पाठीमागची जागा झाकली की बरंचसं काम होतं. आतल्या पत्र्यातली भोकं मात्र नीट बंद व्हायला हवीत. काम झाल्यावर दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहा. आधी रिकाम्या डब्यासारखा वाजणारा पत्रा आता भरीव वाजला पाहिजे. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट घेऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते आणि हळूहळू सुटू लागते.

आपल्याकडच्या पावसामुळे इथे एक गोष्ट ठासून सांगावी लागते. काचेच्या कडेनं दारात पाणी उतरणारच, ते गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. त्या पाण्याच्या निचऱ्यासाठी दाराच्या खालच्या काठाला भोकं असतात. घाईत काम करणारा कारागीर तीही शीटखाली बुजवून टाकतो. मग पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजत जातो. कोकणात किंवा गोव्यात गाडी चालवणाऱ्यांनी तर गाडी ताब्यात घेण्याआधी काचेवर तांब्याभर पाणी ओतावं आणि ते खालून बाहेर येतंय ना, हे स्वतः वाकून बघावं. स्पीकरखालची रिंगही एमडीएफची नको. ओल लागली की ती फुगते. प्लास्टिकची रिंग मागून घ्या.

आता स्पीकर. स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. हा आकडा कुठून येतो ते समजलं की निवड सोपी होते. चालू गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. व्होल्टचा वर्ग करून त्याला ४ नं भागलं की जवळपास ५२ वॅट येतात. पण व्होल्टेज अखंड कमाल पातळीवर असेल तरच हे गणित जुळतं, आणि तशा लहरीला आपण फाटका आवाज म्हणतो. स्वच्छ आवाजासाठी याची कागदोपत्री मर्यादा निम्मी, २६ वॅट. प्रत्यक्षात हाती येतात १५ ते २०.

म्हणूनच वेगळा अँप लावणार नसाल तर स्पीकरचे वॅट बघण्यात अर्थ नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते. आवाज ३ डेसिबलनं वाढवायला दुप्पट ताकद लागते. ९२ डेसिबलचा साधा स्पीकर जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला ८६ डेसिबलच्या महागड्या स्पीकरला चौपट वॅट लागतात. नामांकित, वजनदार स्पीकर घालूनही आवाज कंपनीच्या स्पीकरपेक्षा दबका येतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुढच्या दारांसाठी कंपोनेंट सेट घ्या, म्हणजे वरच्या पट्टीचा ट्वीटर वेगळा मिळतो. वरच्या पट्टीतला आवाज सरळ रेषेत जातो. ट्वीटर दाराच्या तळाशी असला तर तो आवाज तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. ट्वीटरची जागा आरशामागच्या तिकोनी पट्टीत किंवा काचेशेजारच्या खांबावर. त्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत वायरचा एक तुकडाही येता कामा नये. यात तडजोड करू नका. वायरी कापूही देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात, वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात.

आणखी एक तपासणी हमखास करा. एका बाजूची अधिक-उणे वायर उलटी जोडली गेली तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दारासाठी केलेला सगळा खर्च वाया जातो. स्टीरिओमधला बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या आणि शेवटी मध्यावर आणा. मध्यावर आल्यावर खर्ज वाढण्याऐवजी पातळ झाला, तर जोडणी उलटी आहे.

दुकानदार लावेल त्या धडधडत्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. तुमच्या कानात पक्कं बसलेलं एखादं अभंगाचं ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर घेऊन जा. टाळ किणकिणले पाहिजेत, टोचता कामा नयेत. पखवाजाची थाप पडून लगेच मोकळी झाली पाहिजे, घुमत राहता कामा नये. गाणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डच्या उंचीवरून आला पाहिजे.

अँप आणि त्याच्या वायरींबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर बास ट्यूबसाठी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.