जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे निदान

ऑटोमॅटिक गाडी दीड-दोन लाख किलोमीटर धावली की गिअरबॉक्सच्या काही ठरावीक तक्रारी दिसू लागतात. ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थांबते आणि मग झटक्याने निघते, गिअर बदलताना हिसका बसतो, रेस वाढते पण गाडी उचलत नाही. मात्र या लक्षणांचे मूळ दर वेळी गिअरबॉक्सच्या आतच असते असे नाही. त्यामुळे तपासणी बाहेरून आत आणि कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे करत जाणे योग्य ठरते.

प्रथम गिअरबॉक्सचा प्रकार पाहावा. एएमटीमध्ये नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्च्युएटर करतात. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून हा प्रकार रुळला. त्यात रेस वाढूनही गाडी ओढत नसेल, तर पहिला संशय झिजलेल्या क्लच प्लेटवर येतो. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात, तर डीसीटीमध्ये दोन क्लच. पुढील विवेचन मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिकविषयी आहे. त्यात ऑइलच्या प्रवाहातून इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. वेगवेगळे क्लच संच दाबून गिअर बदलण्याचे कामही ऑइलचा दाबच करतो आणि तो दाब कुठे सोडायचा हे संगणकाच्या हुकमाने सोलेनॉइड ठरवतात.

म्हणूनच पहिली तपासणी ऑइलची. बहुतेक गाड्यांत ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी ‘पी’मध्ये उभी करून पातळी पाहतात, काही कंपन्यांची पद्धत वेगळी असल्याने गाडीचे मॅन्युअल पाहणे आवश्यक. डिपस्टिकच नसेल, तर गाडी लिफ्टवर चढवून पाहावे लागते. हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर सील, पॅनचे गॅस्केट किंवा कूलरचे पाइप यांपैकी कुठेतरी गळती आहे. नुसता गडद झालेला रंग वयामुळेही असू शकतो. पण जळका वास आणि काळे कण दिसले, तर क्लच प्लेट जळाल्याची शक्यता मोठी. ऑइल दुधाळ गुलाबी झाले असेल, तर रेडिएटरमधील कूलर फुटून त्यात कूलंट मिसळले असे समजावे आणि गाडी चालवू नये.

यानंतर गाडी थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, अशी दोनदा चालवून पाहावी. थंड असताना गिअर उशिरा लागतो आणि तापल्यावर तक्रार जाते, तेव्हा कडक झालेल्या सीलचा संशय घ्यावा. तापल्यावरच घसरत असेल, तर पातळ झालेल्या ऑइलचा दाब आत कुठेतरी निसटतो आहे. एकाच गिअरला हिसका बसत असेल तर त्या गिअरचा सोलेनॉइड किंवा क्लच संच तपासावा. सगळेच गिअर घसरत असतील तर ऑइलची पातळी, फिल्टर आणि पंप. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर बिघाड ओळखून संगणकाने तिला सुरक्षित अवस्थेत टाकलेले असते.

साधारण ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाला गाडी थरथरत असेल, तर मागे वाहन नसताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक किंचित दाबावा. थरथर लगेच थांबली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या आतील लॉक-अप क्लचकडे बोट जाते. ती तशीच राहिली, तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावी. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकताना होणारा धक्काही अनेकदा तुटलेल्या इंजिन माउंटिंगचा असतो.

मग स्कॅनर लावावा. पी०७०० या कोडचा अर्थ इतकाच, की ट्रान्समिशनच्या यंत्रणेत काही नोंद झाली आहे. नेमकी नोंद वाचायला गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. स्वस्त उपकरणे बहुधा इंजिनचेच कोड दाखवतात. पी०७३० चुकीचे गिअर गुणोत्तर सांगतो, पी०७४१ लॉक-अप क्लचचा दोष. कोड दिसला म्हणून लगेच पार्ट बदलू नये. बॅटरीचे व्होल्टेज, वायरिंग आणि कनेक्टर आधी पाहावेत, कारण जुन्या गाडीत गंजलेली पिनही तोच कोड देऊ शकते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर गेज लावून ऑइलचा दाब मोजतात आणि पॅन उघडतात. पॅनमधील चुंबकावर बारीक करडा लेप असणे हे नेहमीच्या झिजेचे चिन्ह आहे. चकाकणारे तुकडे मात्र बेअरिंग किंवा गिअर खराब झाल्याचे सांगतात. पॅन बसवताना कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल भरावे. सीव्हीटीचे ऑइल वेगळे असते. जळालेल्या क्लच प्लेट मात्र नव्या ऑइलने सुधारत नाहीत.

सोलेनॉइड किंवा ते ज्यावर बसवलेले असतात ती व्हॉल्व्ह बॉडी अनेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते. क्लच संच, पंप आणि कन्व्हर्टरसाठी तो उतरवावाच लागतो. तेव्हा ओव्हरहॉलचा खर्च, वापरलेल्या गिअरबॉक्सची किंमत आणि गाडीची बाजारातली किंमत यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.