अध्यापनाची मोजदाद

अध्यापकाच्या शिकविण्याचे मोल कशावरून ठरवावे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने ते नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले, यावरून ठरविले. ८० टक्के तास घेतले की शेरा ‘चांगला’! मग पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वर्षानुवर्षे तेच सांगणारा आणि दरवर्षी नवी वाट शोधणारा, दोघेही एकाच रकान्यात. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात आयोगाने नावीन्यपूर्ण अध्यापनालाही स्थान सुचविले, हे स्वागतार्हच. पण ते पारखावयाचे कसे?

हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत. परंतु न्यूटनच्या नियमांची मूळ समज अनेकांना आलेलीच नाही, हे एका साध्या चाचणीने उघड केले. माझूर यांनी व्याख्यान आखडते घेतले, प्रश्न टाकून विद्यार्थ्यांनाच आपसांत वाद घालावयास लावले आणि पुन्हा चाचणी घेऊन फरक पाहिला. २०१४ साली त्यांना ५ लाख डॉलरांचे मिनर्व्हा पारितोषिक लाभले.

आपल्याकडेही अर्जासोबत प्रमाणपत्रांची चळत मागविण्याऐवजी अशा चाचण्यांचे निकाल मागवावेत. आणि निवड समितीने एकदा तरी अर्जदाराच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे.