विश्लेषण : सर्पदंशात जीव जातो तो विषाने की वेळेने? नवे संशोधन काय सांगते?

पाऊस सुरू झाला की कोरेगाव तालुक्यातील उसाच्या फडांत, बांधावरच्या गवतात आणि कडब्याच्या गंजीत साप दिसू लागतात. रात्रीची वीज आली म्हणून दारे धरायला गेलेला शेतकरी, वैरण कापणारी बाई, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेले मूल. सर्पदंशाच्या रुग्णांत प्रामुख्याने हीच माणसे असतात. या विषयावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले. कुठे मृत्यूंची नव्याने मोजणी झाली, कुठे विषाच्या घटकांचा अभ्यास झाला, तर कुठे रुग्णाला दवाखान्यात लवकर पोहोचवण्याचे साधे प्रयोग झाले. ऊसपट्ट्यातील माणसाच्या दृष्टीने यातले काय उपयोगाचे आहे?

आकडा एवढा मोठा कसा?

टोरांटो विद्यापीठातील डॉ. प्रभात झा यांच्या गटाने भारतातील संशोधकांसह केलेला अभ्यास २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा त्याचा निष्कर्ष होता. दिवसाचा हिशेब केला तर दीडशेहून जास्त. त्यातले जवळपास निम्मे ३० ते ६९ या वयातील, म्हणजे घर चालवणारे; आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालील मुले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

सरकारी नोंदींत हा आकडा कधीच दिसला नव्हता. कारण नोंद होते ती रुग्णालयात झालेल्या मृत्यूची. या अभ्यासात मात्र घरोघरी जाऊन, मृत्यूपूर्वी काय घडले हे नातेवाइकांना विचारून कारण ठरवले गेले. याच मालिकेतील २०११ च्या अभ्यासात दिसले होते की सर्पदंशाने दगावलेल्यांपैकी ७७ टक्के लोक कोणत्याही आरोग्य केंद्राबाहेर मरण पावले. घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या ओसरीवर. सर्वाधिक मृत्यूंच्या आठ राज्यांत महाराष्ट्र नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. पण ज्याच्या घरात घटना घडते त्याला या क्रमवारीचा काही उपयोग नसतो.

साप चार, आजार निरनिराळे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सातारा-सांगलीत सर्वांना ठाऊक आहेत. चारही चावले तर ‘साप चावला’ असेच म्हटले जाते. शरीरात मात्र निरनिराळे घडते. घोणस चावली की जागा भयंकर दुखते, सुजते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वाचलेल्या काही रुग्णांना डायलिसिसवर जावे लागते ते यामुळेच. भारतात ज्या दंशांत साप ओळखला गेला त्यांत सर्वांत मोठा वाटा घोणसीचा आहे. फुरसेही रक्तावरच परिणाम करते. नागाच्या विषाने जागा सुजते आणि मज्जासंस्थाही बधिर होते.

फसवा आहे तो मण्यार. हा निशाचर साप बहुधा झोपलेल्या माणसाला चावतो. चावा मुंगीसारखा वाटतो, कित्येकदा जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अपचन झाले म्हणून ओव्याचे पाणी दिले जाते आणि दोन तास जातात. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर अंगावर खूण असो वा नसो, सर्पदंशाची शंका घ्यायलाच हवी. मण्याराच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, रुग्ण मेल्यासारखा दिसतो. पण कृत्रिम श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी तो उठून बसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे घरच्यांनी आपणच निर्णय घेऊन रुग्णाला वाटेतून परत नेणे, हे यातले सर्वांत दुर्दैवी प्रकरण.

घोणसीच्या विषावर हवामानाचा परिणाम?

भारतात मिळणारे प्रतिविष एकाच प्रकारचे आहे. या चार सापांचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात. त्यासाठी लागणारे बहुतांश विष चेन्नईजवळच्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ पासून काम करते आणि तिचे ऋण मोठे आहे. प्रश्न एवढाच की तमिळनाडूतील घोणसीचे विष आणि सातारच्या घोणसीचे विष सारखेच असते का?

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. कार्तिक सुनगर यांचा गट या प्रश्नाच्या मागे आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील घोणसीच्या विषात मोठा फरक असतो आणि काही भागांतील विषावर बाजारातील प्रतिविष अपेक्षेपेक्षा कमी चालते, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवले. २०२५ मध्ये त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणसींच्या विषाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तापमान आणि पाऊस यांवरून विषातील विकरांचे प्रमाण काही अंशी सांगता येते, आणि कोरड्या प्रदेशातील घोणसींच्या विषात प्रथिने तोडणारी विकरे अधिक क्रियाशील असतात, असे त्यात आढळले.

सातारा जिल्ह्याच्या नकाशासमोर हा निष्कर्ष ठेवला की त्याचे महत्त्व कळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोरेगाव या दोहोंच्या मध्ये. एका जिल्ह्यातील दोन टोकांच्या घोणसींचे विष वेगळे असू शकते, असा याचा अर्थ निघतो. मात्र आजचे प्रतिविष निरुपयोगी आहे असा अर्थ त्यातून काढणे घातक ठरेल. ते चालते, आणि दुसरे औषध नाही. काही भागांत ते अधिक मात्रेत लागू शकते, एवढेच या संशोधनातून घ्यायचे.

मग वेळ कुठे वाया जातो?

या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर नेपाळमधून आले. आग्नेय नेपाळच्या तराईत सर्पदंशाचे मृत्यू फार होते. तिथे गावागावांत मोटारसायकल असलेले स्वयंसेवक ठरवून देण्यात आले. साप चावला की फोन, रुग्णाला चालक आणि मागे धरून बसणारा यांच्या मध्ये बसवायचे आणि थेट उपचार केंद्र गाठायचे. जोडीला गावात प्रबोधन. ज्या गावांत हा कार्यक्रम राबवला तिथे दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. कोरेगावच्या कोणत्याही वाडीत आज चार घरांआड मोटारसायकल आहे, हे लक्षात घेता हा प्रयोग इथे परका वाटू नये.

महाराष्ट्रातील उदाहरण पालघरच्या डहाणू तालुक्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने तिथे आरोग्य कर्मचारी, आशा, सर्पमित्र आणि भगत यांना एकत्र आणले. भगतांशी वाद घालण्याऐवजी त्यांनाच रुग्ण लवकर पुढे पाठवायला शिकवले, ही त्यातली शहाणपणाची बाब. तिथले मृत्यूचे प्रमाण ४.४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आले.

कोरेगाव ते साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय हे अंतर वीसेक किलोमीटर. रस्ता बरा आहे. म्हणजे अंतराचा प्रश्न डहाणूइतका नाही. वेळ जातो तो निघण्यापूर्वी. साप कोणता ते बघण्यात, त्याला शोधून मारण्यात, दोरी आवळण्यात, ब्लेडने चिरण्यात, ‘उतारा’ घेण्यात, आणि काही विषारी नसेल असे म्हणत वाट पाहण्यात. घट्ट दोरी बांधल्याने विष थांबत नाही, उलट पाय किंवा हात काळा पडून कापावा लागण्याची वेळ येते. चिरल्याने घोणसीच्या रुग्णाचे रक्त थांबत नाही. जे करायचे ते थोडके आहे. रुग्णाला धीर देऊन आडवे करणे, अंगठी, बांगड्या, जोडवी काढणे, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून तो हात-पाय हलणार नाही असे पाहणे आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने निघणे. सापाचा फोटो लांबून सहज मिळाला तर ठीक. नाही तरी उपचार लक्षणांवरून होतात. मेलेला साप पिशवीत घालून आणण्याचा हट्ट करणाऱ्याला दुसरा दंश झाल्याची उदाहरणेही आहेत.

वीस मिनिटांची काचेची नळी

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टर करतात ती एक तपासणी नातेवाइकांना अनेकदा खटकते: ‘नुसते रक्त घेऊन बसले आहेत’. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करतात. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनल्याची ती खूण. प्रयोगशाळा, वीज, यंत्र काही लागत नाही. साबणाने धुतलेली नळी मात्र चालत नाही. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात रक्त बिघडलेल्या शंभरांपैकी सुमारे ८४ रुग्ण ही चाचणी पकडते असे दिसले. उरलेले सुटू शकतात, म्हणून ती ठरावीक वेळाने पुन्हा करायची असते. पहिली चाचणी ठीक आली म्हणून रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरू नये तो यासाठी.

सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळते. सुरुवातीला साधारण १० कुप्या देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. प्रतिविषाची ॲलर्जी येऊ शकते, त्यासाठी ॲड्रिनॅलिन तयार ठेवावे लागते. त्या भीतीपोटी एकही कुपी न देता रुग्ण पुढे पाठवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. प्रशिक्षणाने ती मोडता येते, हेही डहाणूत दिसले.

ग्रामीण दवाखान्यातून जगाला दिशा देणारे संशोधन होते, याचा दाखला घाटाखाली महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण हृदय निकामी होऊन दगावत. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर चालते हे त्यांनी दाखवले. २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रुग्णांवरील चाचणीत, प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण दहा तासांत बरे होण्याचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी कधी येणार?

सापाच्या विषावर तोंडाने घ्यायचे औषध असते तर शेतातच पहिला डोस देता आला असता. ‘व्हॅरेस्प्लॅडिब’ नावाच्या रेणूची भारत आणि अमेरिकेत चाचणी झाली. एकूण रुग्णांत ठरवलेला परिणाम सिद्ध झाला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत मात्र काही फायदा झाल्यासारखा दिसला. पुढच्या चाचण्यांवर ते ठरेल. संगणकावर रचलेली प्रथिने, कृत्रिम प्रतिपिंडे यांवर २०२४ आणि २०२५ मध्ये नामांकित नियतकालिकांत संशोधन आले. ते बहुतांशी उंदरांवरचे आहे आणि मण्यार-नागाच्या कुळातील विषांवर केंद्रित आहे. घोणसीला त्यात फारसे स्थान नाही.

नोंद आणि रात्रीची वीज

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा ‘अधिसूचित आजार’ करावा, म्हणजे खासगी रुग्णालयांनीही प्रत्येक रुग्णाची नोंद कळवावी, असे केंद्राने राज्यांना सांगितले. शेजारच्या कर्नाटकाने हे त्याआधीच केले होते. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी दंश होतात हे तालुक्याला कळले तर प्रतिविषाचा साठा कुठे आणि कधी ठेवायचा हे ठरवता येते. शेतकरी कुटुंबासाठी नोंदीला आणखी एक अर्थ आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण मृत्यू घरी झाला आणि कागद झाला नाही तर दावा अडतो.

प्रतिबंधाचे उपाय जुनेच आहेत. गमबूट, बॅटरी, काठी आपटत चालणे, सरपण आणि गोवऱ्या घरापासून लांब. नेपाळमधील एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळाल्याचे दिसले. ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येऊन कोप्यांत जमिनीवर झोपणाऱ्या मजुरांसाठी कारखान्यांनी एवढे केले तरी पुष्कळ. गमबूट घालून सरीत चिखलातून चालता येत नाही, हे मात्र दारे धरणारा कोणीही सांगेल. आठवड्यातले काही दिवस कृषिपंपांची वीज रात्रीच येते, तोवर त्याला अंधारातच फडात उतरावे लागते. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. तिच्या प्रगतीचे मोजमाप आजवर मेगावॉटमध्ये होते. रात्रीच्या सर्पदंशांची संख्या त्या तक्त्यात अजून कोणी मांडलेली नाही.