परतीचं घर

आमच्या सोलापुरात ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न जरा जपून विचारावा लागतो. मागावर आयुष्य काढलेला पद्मशाली म्हातारा तेलंगणातल्या एका खेड्याचं नाव सांगतो. तिथं तो दोनदाच गेलेला असतो. कुणी कानडी मुलखातून आलेला, कुणी मराठवाड्यातून. माझी आई घरात दखनी बोलायची आणि मी कविता लिहितो ती मराठीत. म्हणून लांबच्या देशात हाडं झिजवणाऱ्या माणसांबद्दल वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, म्हातारपणी यांचं घर कुठलं?

असा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला, ती पाद्रीसाहेब आणि मडमसाहेबांची काही जोडपी आज आठवायची आहेत.

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एका मिशन मंडळाची पहिली माणसं १८१३ साली मुंबईत उतरली. त्यांच्या कामाला पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ असं नाव पडलं. १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं केंद्र सुरू झालं. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि त्यानंतर काही वर्षांतच मिशनही इथं आलं. १८७५ साली भारतात आलेले लॉरिन गेट्स आणि फ्रान्सिस गेट्स या नवरा-बायकोनं पुढची कित्येक वर्षं सोलापुरात काढली. मेरी हार्डिंग यांनी इथं लहान मुलांसाठी किंडरगार्टन चालवलं. बालवाडी हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या नेमणुका आजच्यासारख्या दोन-तीन वर्षांच्या नसत. माणूस यायचा तो बहुधा जन्मासाठी. नवरा प्रवचन करी, गावोगाव हिंडे, हिशेब ठेवी. बायको मराठी शिके, मुलींची शाळा चालवी, औषधं देई. तरीही मंडळाच्या जुन्या नोंदींत तिचा हुद्दा ‘सहायक’ असाच असे. केस पिकल्यावर जोडप्याची जबाबदारी आणखी वाढे. नव्यानं आलेल्यांना भाषा शिकवायची, भांडणं मिटवायची आणि दुष्काळ पडला की धान्य, काम आणि पोरकी मुलं या सगळ्याकडे बघायचं. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत आपला हा भाग होरपळून निघाला होता.

याची किंमत घरातून मोजली जाई. मुलं थोडी मोठी झाली की शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायची. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होईपर्यंत जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाई, त्याला चार-पाच महिने लागत. आठ-दहा वर्षांचं पोर बंदरावर सोडून आई माघारी फिरे. पुन्हा भेट होईपर्यंत त्या पोराला मिसरूड फुटलेली असे.

हेन्री बॅलंटाइन १८३५ साली पत्नी एलिझाबेथसह आले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ साली नगरला निघालं, त्याचे ते पहिले संपादक. तीस वर्षांनी, १८६५ साली, खचलेल्या प्रकृतीनं ते मायदेशी निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. त्यांना मूठमाती मिळाली नाही, समुद्र मिळाला. त्याआधी १८५४ साली रॉबर्ट विल्सन ह्यूम हेही असेच परतीच्या वाटेवर समुद्रात गेले. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा होता.

तोच रॉबर्ट १८७४ साली मिशनरी होऊन परत आला आणि नगरला राहिला. पहिली पत्नी वारल्यावर १८८७ साली त्यानं केटी फेअरबँकशी लग्न केलं. केटी ही बॅलंटाइन यांची नात. तिचाही जन्म भारतातलाच.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. ही माणसं निव्वळ सेवेसाठी आली नव्हती. आपला धर्म पसरवणं हा त्यांचा उघड हेतू होता. त्यापायी घरं दुभंगली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मी वेगळ्या धर्माचा माणूस; हा हेतू मला पटत नाही. पण सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचे धडे ज्या नगरात घेतले, तिथली मुलींची शाळा याच मिशनच्या सिंथिया फॅरार चालवत होत्या, हेही नाकारता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्रच सांगाव्या लागतात.

आता म्हातारपण. केटीचे वडील सॅम्युअल फेअरबँक यांनी नेवाशाजवळच्या वडाळ्यात बरीच वर्षं घालवली. उतारवयात ते अमेरिकेला गेलेच नाहीत, कोडाईकनालच्या थंड डोंगरावर राहिले आणि १८९८ साली तिथंच वारले. रॉबर्ट ह्यूम मात्र १९२६ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि १९२९ साली तिथं वारले. कागदोपत्री हे ‘घरी परतणं’. पण जन्म मुंबईचा, अर्धशतकाचं काम नगरचं! पत्नीही इथलीच लेक. इथं ते जन्मभर गोरे साहेब राहिले आणि तिथं गेले ते हिंदुस्थानातून आलेले म्हातारे म्हणून.

मग घर म्हणायचं कशाला? याचं उत्तर मला जस्टिन अ‍ॅबट यांच्यात सापडतं. मुंबईत बरीच वर्षं मिशनचं काम करून ते न्यू जर्सीतल्या समिट या गावी जाऊन राहिले. निवृत्त माणसानं बागेत खुर्ची टाकून बसावं. यांनी मराठी पोथ्या उघडल्या. सत्तरी उलटल्यावर, १९२६ सालापासून, भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांची चरित्रं आणि रचना त्यांनी एकामागून एक इंग्रजीत आणल्या. १९३२ साली ते वारले. महिपतीच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद, ज्यात नरहर गोडबोले त्यांच्याबरोबर होते, तो त्यांच्या मागे, १९३३ साली प्रसिद्ध झाला. हा महिपती राहुरीजवळच्या ताहाराबादचा. जे लोक आपल्या धर्मात यावेत म्हणून हा माणूस आला होता, अखेरच्या वर्षांत तो त्यांच्याच संतांच्या ओव्यांशी बोलत बसला.

आज सोलापुरातले कितीतरी आईबाप मुलांमागे पुण्याला, हैदराबादला, थेट अमेरिकेला जातात. कुणी महिनाभरात कंटाळून परत येतात, कुणाला परत यायला घरच उरलेलं नसतं. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर मी एवढंच सांगतो, सामानात आपल्या भाषेतलं एखादं पुस्तक ठेवा. खोली परकी वाटली की ते उघडा आणि थोडा वेळ मोठ्यानं वाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)