नव्या प्रोसेसरला जुनेच आदेश?

इंटेल-एएमडीच्या ६४-बिट संगणकावर जीसीसी कंपायलरला वेगळे काही सांगितले नाही, तर तो सहसा २००३च्या ऑप्टेरॉन प्रोसेसरलाही कळतील एवढेच आदेश वापरतो. त्यांपैकी एसएसई२ या आदेशसंचाचा एक आदेश ३२-बिटांच्या चार पूर्णांक-जोड्यांची बेरीज करतो. २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये आलेल्या एव्हीएक्स२ संचाचा आदेश आठ जोड्यांची. ही ताकद वाया घालवणे खरोखर चुकीचे आहे! ‘-एमआर्च=नेटिव्ह’ लिहिले की कंपायलर समोरचा प्रोसेसर ओळखून त्याचे आदेश वापरतो. मात्र तोच प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडू शकतो. ‘-एमट्यून’ या पर्यायाला हा धोका नाही; तो नवे आदेश आणत नाही, आहेत त्यांची निवड आणि क्रम नव्या प्रोसेसरला सोयीचा करतो. इतरांना वाटायच्या प्रोग्रॅमसाठी जीसीसी ११पासून ‘एक्स८६-६४-व्ही३’सारखे आदेशांचे ठरीव स्तर मिळतात.