भडास काढली की झाला नाट्योपचार?

मनोरुग्णांच्या नाट्योपचाराचा विषय निघाला की कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतंच: "बरंय की! मनसोक्त ओरडतात, रडतात, भडास निघते, मोकळे होतात." मन म्हणजे प्रेशर कुकर आणि उपचार म्हणजे शिट्टी, ही समजूत काही केल्या हटत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ती तपासून पाहिली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी ६०० विद्यार्थ्यांना, त्यांच्या निबंधांवर मुद्दाम जहरी शेरे मारून, चिडवलं. मग काहींना तो शेरेबाज डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारू दिले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. भडास काढणारेच जास्त संतापलेले निघाले!

मग नाट्योपचाराच्या गटात चालतं काय? १९३६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे मनोरुग्णालय काढून तिथे सायकोड्रामाचा, म्हणजे मनोनाट्याचा, रंगमंच उभारणारे याकोब मोरेनो भावनांचा निचरा मानत होतेच, पण तेवढ्यावर थांबत नव्हते. भूमिकांची अदलाबदल हे त्यांचं मोठं हत्यार.

समजा, एका रुग्णानं थोरल्या भावाशी झालेलं भांडण उभं केलं. भावाच्या जागी गटातलाच एकजण. आवाज चढला, मुठी आवळल्या की उपचारक प्रसंग तिथेच थांबवतो: "आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय?" मग जागा बदलायच्या. आता हा भाऊ झाला आणि स्वतःचीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू लागला. नंतर तोच प्रसंग पुन्हा, आवाज निम्म्यावर आणून. राग चढताना ओळखायचा आणि वेळीच आवरायचा, याची ही तालीम. शेवटी गोल करून बसायचं, ज्याला जे आपलं आठवलं ते त्यानं सांगायचं. उपदेशाला मात्र सक्त मनाई. (आपल्याकडे हाच नियम सर्वांत जड जात असावा.)

बाकीचे गैरसमज किरकोळ.

अभिनय यावा लागतो? नाही, तिथे तिकीट काढून कुणी आलेलं नसतं.

गोळ्या बंद करता येतात? अजिबात नाही. स्किझोफ्रेनियापुरतं बोलायचं तर वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेच्या २००७च्या आढाव्याला जेमतेम ५ चाचण्या आणि २१० रुग्ण सापडले. फायदा-तोटा स्पष्ट नाही, असाच त्याचा निष्कर्ष. तरीही ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं नाट्योपचारासारख्या कलोपचारांचा विचार करायला सांगतात, विशेषतः रुग्ण अबोल, अलिप्त झालेला असेल तर.

आणि कुठलाही हौशी दिग्दर्शक अशी सत्रं घेऊ शकतो? ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला 'ड्रामाथेरपिस्ट', म्हणजे नाट्योपचारक, म्हणवून घेणं हा गुन्हा आहे.